मधल्या वर्षांचं काय

दाजी परत आले तेव्हा मी घनसावंगीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. ताईचा फोन आला, "हे आलेत. तू ये." मिळेल त्या जीपने मी कुंभार पिंपळगावला पोहोचलो.

सहा वर्षांपूर्वी दाजी कामासाठी म्हणून सुरतेला गेले आणि हळूहळू त्यांचे फोन बंद झाले. ताईने आठवडी बाजारात मिरची-हळदीचं दुकान मांडून लेकीला दहावीपर्यंत आणलं. आता तेच दाजी दाढी राखून ओसरीवर बसले होते. पूर्वी नुसतं पाणी मागितलं तरी घर दचकायचं. आता ते स्वतः उठून माठातलं पाणी घेत होते, आवाजही मऊ. मला काही ते पटेना. ह्यांना काहीतरी हवं असणार, एवढंच मनात आलं. ताईने त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं होतं आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली होती.

मी दर रविवारी जाऊ लागलो, खरं तर पाळत ठेवायला. उघड कारण वेगळं होतं. अंतराळातल्या लढायांचे हिंदीत डब केलेले सिनेमे मला फार आवडतात, भाचीलाही. तेव्हा आम्ही चार भागांची एक मालिका बघत होतो. जेवणं झाली की मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचो. दाजी दाराशी बसायचे, ताई मागे लसूण सोलत.

पहिल्या भागात नायक, एका यानाचा चालक, आपल्या माणसांना जळत्या ग्रहावर सोडून एकटाच पळतो. दुसऱ्यात लपतो, खोटं बोलतो. तिसरा भाग लागला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'कुछ साल बाद'. आता हा गडी अनोळखी पोरांना वाचवायला आगीत शिरत होता.

"थांबव रे," ताई म्हणाली. "हा चांगला कधी झाला?"

"मधल्या काळात. माणूस बदलतो ना, ताई. त्याला कॅरेक्टर डेव्हलपमेंट म्हणतात," मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं.

"ते मधलं दाखवलंच न्हाई की. पळाला ते दाखवलं, आला ते दाखवलं. मधी काय करून राह्यला होता? कुणाकडं होता? मंग मी कशावरून खरं धरू?"

भाची हसली आणि लगेच दाराकडे बघू लागली. दाजींनी मान खाली घातली होती. ह्या सिनेमांतल्या चुका मी वर्गात रंगवून सांगायचो, पोकळीत आवाज कसा ऐकू येईल वगैरे. पण ही शंका मला कधी आली नव्हती. पडद्यावरच्या माणसाला मी बिनचौकशी माफ करत आलो होतो.

"तुमच्या सहा वर्षांचं सांगा," ताई दाजींना म्हणाली.

ते सांगू लागले. कापडाच्या कारखान्यात रंगाच्या टाक्यांवर काम होतं. दारू सुटत नव्हती. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. "दोनदा आल्तो मी. एकदा जालन्याच्या स्टँडवरून माघारी गेलो. एकदा इथपर्यंत आल्तो, बाजारच्या दिवशी."

"खोटं. मी एक बाजार चुकवला न्हाई. मला कसे दिसले न्हाईत?"

"तू नव्हतीस. पोरगी बसली होती. हाताला पट्टी होती तिच्या, तराजू नीट धरता येत नव्हता."

ताईचे हात थांबले. तीन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू झाला होता, तेव्हा तिचा एकच बाजार चुकला. त्याच आठवड्यात स्वयंपाक करताना भाचीचा हात भाजला होता. ताईने मुद्दाम चुकीचं सांगून त्यांना पारखलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तरी मी भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "मी न्हाई सांगितलं, मामा."

"मंग बोलला का न्हाईत तिच्याशी?" ताईने विचारलं.

"तिनं मला वळखलं न्हाई. पाव किलो देऊ का काका, म्हणाली."

"मंग?"

"घेतली. पाव किलो."

भाची उठून आत गेली. त्या दिवशी सिनेमा तिथेच राहिला. जाताना ताई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. "तू आला होतास म्हणून विचारता आलं," म्हणाली. "पण हे आल्ते, एवढं एक खरं निघालं. बाकीचं अजून ऐकायचंय."

पुढचे दोन महिने दाजी बाजारात पोती उतरवत, ताईशेजारी बसत. माप मात्र तीच करायची. मग एका सकाळी तिचा फोन आला.

"आज ह्यांना एकट्याला माल आणायला जालन्याला पाठवलंय."

"येतील परत?"

"बघू."

मी दिवसभर शाळेत अस्वस्थ होतो. संध्याकाळी साडेसहाला तिचा मेसेज आला, 'आले. हळद चांगली आणली.' तरीही मी रविवारी गेलोच.