सोऱ्यावरचा कॅमेरा

माझ्या मामाला जगातली कोणतीही गोष्ट हातभर अंतरावरून दिसायची नाही. नजर अधू होती म्हणून नव्हे. चष्मा त्याला शेवटपर्यंत लागला नाही. पण एखादी गोष्ट पाहायची म्हणजे तिच्यापासून वितीवर जाऊन बसायचं, असा त्याचा नेम होता, आणि एकदा तिथे बसला की परत यायचं नावच काढायचा नाही. जानेफळला एस.टी. थांबायची तिथून आमचं घर चालत पाच मिनिटांवर. सकाळच्या गाडीनं उतरलेला मामा जेवायच्या वेळेपर्यंत घरी पोचला, तर आई देवापुढे साखर ठेवायची. वाटेत कपाशीच्या वावरात कुठल्यातरी पऱ्हाटीच्या बुंध्याशी तो उकिडवा बसलेला असायचा. एकदा त्याला असं जमिनीशी नाक लावून बसलेलं पाहून वावरातले दोघं-तिघं धावत आले. पाहुण्याची अंगठी पडली असणार, असं धरून त्यांनी अख्खी सरी चाळून काढली. अर्ध्या तासानं एकानं विचारलं, “पावणे, हरपलं काय हो तुमचं?” मामा मान वर न करता म्हणाला, “कुठं काय हरपलं? सापडलं. हा मुंगळा पाहा, कसा मिशा धुऊन राह्यला!” ती माणसं पुढे वर्षभर आमच्या वडिलांकडे बघून हसायची, आणि वडिलांना हसणारी माणसं आवडायची नाहीत.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे त्यानं चिखलीत फोटो स्टुडिओ काढला. भिंतीवर रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, आणि हंसांपुढे अवघडून उभी नवी जोडपी. कॅमेरा भात्याचा, तीन पायांवर उभा, मागे काळं कापड. भाता जितका लांब ओढावा तितकी समोरची चीज मोठी दिसते, हे एक दिवस मामाच्या ध्यानात आलं आणि त्या दिवसापासून मामीच्या घरात तुपाचा डबा धड राहिला नाही. डब्यांचे पत्रे कापून तो झाळकामवाल्याकडून नळ्या करून घ्यायचा, आत उजेड चमकू नये म्हणून त्यांना मामीचं काजळ फासायचा आणि पुढच्या टोकाला भिंग उलटं बसवायचा. मग त्या नळीतून माशीचा डोळा परातीएवढा दिसायचा. मामी म्हणायची, “माह्ये डोळे कोरडे अन् माशीचे काजळ घालून बसले!”

अडचण एकच होती. इतक्या जवळ गेलं की सगळं एकदम दिसत नाही. नाकतोड्याचा डोळा स्पष्ट आला की मिशा धुक्यात जातात. मिशा पकडाव्या तर डोळा जातो. मामानं यावर तोड काढली. एकाच किड्याचे पाच-सात फोटो घ्यायचे, दर वेळी कॅमेरा केसभर पुढे सरकवायचा. सगळे फोटो छापून प्रत्येकातला तेवढाच स्पष्ट भाग ब्लेडनं कापायचा, खळ लावून एकाशेजारी एक चिकटवायचा, आणि त्या चिकटवलेल्याचा पुन्हा फोटो काढायचा. मग नाकतोडा मिशांपासून नख्यांपर्यंत एकसारखा लख्ख दिसायचा, जसा देवालासुद्धा एका नजरेत दिसला नसेल. पण कॅमेरा केसभर सरकवायचा कसा? हाताला ते जमेना. एका दिवाळीत मामी चकलीचं पीठ भिजवून सोऱ्या शोधायला लागली. आट्यांचा, पितळी, माहेरचा सोऱ्या. तो निघाला कॅमेऱ्याच्या पाटाखाली ठोकलेला. दांडा अर्धा फिरवला की कॅमेरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे. “आज नाई भेटनार तो,” मामा म्हणाला, “चतुर थंडीनं आखडून बसला हाय. ऊन आलं का उडून जाईन.” त्या घरात पुन्हा कधी चकल्या झाल्या नाहीत. मामीनं शेवया पाटावर वळल्या, पण सोऱ्या परत मागितला नाही, आणि का मागितला नाही, हे मला तेव्हा मुळीच कळलं नव्हतं.

थंडीच्या दिवसांत तो आमच्याकडे मुक्कामाला यायचा. उजाडता उजाडता तुरीच्या वावरात पालथा पडलेला असायचा. दवानं जड झालेले किडे हलायचे नाहीत आणि मामाही हलायचा नाही. पिवळी फुलं त्याच्या पाठीवर गळायची. मी चहा घेऊन गेले की तो हळूच म्हणायचा, “जवळ बस. श्वास दाबून धर.” मग आम्ही दोघं एका थेंबातलं उलटं वावर बघत बसायचो. चहा गार व्हायचा. त्या सकाळींइतकं सुखाचं मला पुढे फार थोडं मिळालं.

धंद्याचं मात्र बघायला नको. बाकीचे फोटोवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या सुरकुत्या, डाग, सगळं पुसून द्यायचे. मामाला ते पाप वाटायचं. उंद्रीकडचे एक मोठे जमीनदार फोटो काढून गेले, तर मामानं त्यांच्या नाकावरची चामखीळ तिच्यावरच्या तीन केसांसकट छापून दिली. ते भडकले. मामा कळवळून म्हणाला, “पन मालक, काय झकास आली हाय ती!” ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आता माझं सांगते. सहाव्या वर्षी मला देवी आल्या. वाचले, पण चेहऱ्यावर वण राहिले, कपाळापासून हनुवटीपर्यंत. लग्नाचं वय झालं तशी वडिलांनी मेहकरच्या एका फोटोवाल्याला गाठलं. त्यानं पेन्सिल अशी फिरवली की फोटोत मी सायीसारखी दिसायला लागले. त्या फोटोवर पहिलं स्थळ आलं. मंडळींनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पोहे खाल्ले आणि गेली. दुसऱ्या स्थळाबरोबर मुलाची आत्या होती. मी पाट मांडून बसले तर म्हणते कशी, “ही थोरली का? धाकटीले बलवा ना, जिचा फोटो पाठवला तिले.” धाकटी नव्हतीच. मी आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्यांदा मी पाटावर बसणार नाही, असं आईला सांगून टाकलं.

मामाला हे कळलं तसा तो पहिल्या गाडीनं आला आणि, आश्चर्य म्हणजे, वाटेत कुठेही न बसता थेट घरी आला. “हिचा फोटो मी काढतो.”

वडील उखडले. “तुम्ही? मुंगळे काढा मुंगळे! पोरीचा एकेक खड्डा मोजून दाखवाल तुम्ही.”

“हाव,” मामा म्हणाला, “मोजूनच दाखवीन.”

आईनं मला चिखलीला धाडलं. हंसांचा पडदा मामानं गुंडाळून ठेवला. खिडकीशी बसवलं, मान हलू नये म्हणून मागे काठी बांधली, आणि कॅमेरा इतका जवळ आणला की भिंगात मला माझंच नाक दिसायला लागलं. “मामा, वण नको ना दाखवू,” मी म्हटलं. काळ्या कापडाखालून आवाज आला, “काऊन? तुह्ये नाहीत का ते?” मग सोऱ्या कुरकुरायला लागला. एक फोटो नाकाचा, एक डोळ्यांचा, एक गालाचा. कापडाखाली तो स्वतःशीच बडबडत होता, “अहाहा, काय ऊन बसलं ह्या वणात! जसं द्रोणात पानी.” आरशात मी सहा-सहा महिने बघत नव्हते, आणि हा माणूस चतुराच्या पंखाला म्हणायचा तेच माझ्या गालाला म्हणत होता. मला रडू फुटलं. “रडू नको माय,” मामा ओरडला, “हलून राह्यली तू! सातवा चालू हाय!”

नऊ फोटो झाले. कापून, चिकटवून, पुन्हा काढून त्यानं तो चेहरा आमच्या हाती दिला. एकही वण लपला नव्हता. पण मी बघतच राहिले, कारण त्यात डोळे होते, पापण्या होत्या, कानातल्या फुलाचा घाट होता, आणि ती सगळी मी होते. वडिलांनी तो फोटो फळीवर पालथा टाकला आणि पुढच्या स्थळासाठी पाकिटात मेहकरचाच घातला. पाकिटाची खळ अजून ओली होती. वडील पायात वहाणा घालेपर्यंत मी पाकीट उघडलं, सायीचा चेहरा काढून फळीवर पालथा ठेवला आणि माझा घातला. आयुष्यात वडिलांची आज्ञा मोडली ती तेवढीच. फोटो परत आला, तर या वेळी परत येणारी खरोखर मीच असणार होते.

फोटो परत आला नाही, माणसं आली. हिवरा आश्रम गावाकडची, भाजीपाला पिकवणारी. मी पाटावर बसले. वडिलांनी घसा खाकरून सुरुवात केली, “मुलीला नीट पाहून घ्या...” तर मुलाची आई म्हणाली, “पाह्याचं काय राह्यलं आता? पंधरा दिवस झाले, घरी तेच पाहून राह्यलो. आमी त पोहे खायले आलो.” मुलगा मान खाली घालून हसला. वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग फळीकडे. पोह्यांवर खोबरं त्यांनी स्वतः उठून वाढलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला मामीनं एक पेटी माझ्यापुढे सरकवली. “तूच ने बाई. माह्या सोऱ्याचं सारं पीठ यात हाय.” आत ते चिकटवलेले मूळ फोटो होते, एकावर एक. प्रत्येकाच्या मागे मामाच्या बारीक अक्षरात टिपण, आणि शेवटी काय चुकलं ते. नाकतोडा, जानेफळ, तुरीचं वावर, फोटो पाच. मागचा पाय सुटला. चतुर, उंद्रीचा रस्ता, फोटो सात. पंखाचं टोक सुटलं. मुंगळा, एक मिशी सुटली. असं प्रत्येकात काही ना काही सुटलेलं. नाकतोडा आणि चतुर यांच्यामध्ये मी होते. मागे लिहिलं होतं: भाची, चिखली, फोटो नऊ, काही सुटलं नाही.

खरं म्हणजे सुटलं होतं. मी रडले तो सातवा तुकडा डाव्या डोळ्याखाली जरासा सरकलेला आहे. मामाच्या नजरेतून ते निसटलं असेल, हे मला पटत नाही. आता मोतीबिंदूमुळे मला फोटो नीट दिसत नाही, तरी कधीमधी पेटी उघडून त्यावरून बोट फिरवते. डोळ्याखालचा तेवढा एक जोड बोटाला लागतो. बाकी चेहरा सलग आहे.