पाण्याचं त्याला विचारा

कृष्णाबाईच्या घरात दोन सरकारं होती आणि दोघांची हद्द पाण्याने ठरलेली होती. होडी, जाळं, वारा, भरती-ओहोटी हा कारभार नवऱ्याचा, बळवंत नाखव्याचा. मासळीची पाटी किनाऱ्याला टेकली की हुकूम कृष्णाबाईचा. बळवंतने बोंबलाचा भाव कधी विचारला नाही आणि होडी कधी सुटणार यात तिने कधी तोंड घातलं नाही. माहुलच्या कोळीवाड्यात घरोघरी हेच चाले, पण तिच्याइतकं काटेकोर कुणी पाळत नसे.

१९८४ साली तिच्या खळ्यावर संकट आलं. खळं म्हणजे खाडीकाठची सपाट जागा. तेरा बायका तिथे जवळा पसरत, बांबूंवर बोंबील वाळवत. बंदराच्या ऑफिसने तिथे कुंपणासाठी दगड रोवले. मी तेव्हा मुलुंडच्या एका वकिलांकडे कारकून होतो, तिचे अर्ज मीच लिहिले. प्रत्येकात एकच मागणी: बंदराने पाण्यापुरतं बघावं, जमिनीचं ज्याचं त्याला ठरवू द्यावं. पालिका म्हणाली, जमीन आमची नाही, कलेक्टरकडे जा. कलेक्टर कचेरी म्हणाली, जमीन राज्याची निघाली तर तुम्हाला पट्टा देऊ. पण बंदर दिल्लीच्या अखत्यारीत, तिथे आमचं चालत नाही. बंदराच्या साहेबांनी तर मान वर करून पाहिलंही नाही. दोन वर्षं चपला झिजल्या. द्यायची वेळ आली की जागा कुणाचीच नसते, घ्यायची वेळ आली की सगळ्यांची. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. दोन सरकारांमधली हद्द त्यांच्यापैकी एकाने ठरवायची नाही, ती कोर्ट ठरवेल, असं न्यायाधीश म्हणाले. सर्वांत मोठ्या भरतीचं पाणी पोचतं तिथवर बंदर, त्यापुढे राज्य. जागेची पाहणी करून गावकऱ्यांना विचारायला त्यांनी एक वकील नेमले.

इथे मी शहाणपणा केला. पाहणीची तारीख अष्टमीची मागून घेतली. ते भांगाचे दिवस. भरतीला जोर नसतो, पाणी खळ्यापासून लांब राहतं. कृष्णाबाईला पढवलंही, "मावशी, पाणी येतं का असं विचारलं तर नाही म्हणायचं. एवढंच." ती गप्प राहिली. तो मी होकार समजलो.

कोर्टाचे वकीलसाहेब आले, खळ्यावर फिरले. मग त्यांनी कृष्णाबाईला विचारलं, "बाई, उधाणाला पाणी इथवर येतं का?"

कृष्णाबाईने वळून पाहिलं. बळवंत होडीपाशी जाळं सांधत बसला होता.

"पान्याचं त्याला इचारा," ती म्हणाली.

बळवंतला कुणी पढवलं नव्हतं. तो एकाही कचेरीत आला नव्हता, त्यामुळे मला ते सुचलंच नाही. तो सावकाश उठून आला आणि त्याने खळ्याच्या अगदी वरच्या टोकाच्या बांबूवर, घोट्याच्या उंचीला, बोट टेकवलं. "आषाढाच्या उधानाला हितवर."

महिन्याभरात निकाल लागला. खळं बंदराकडे गेलं आणि रोवलेल्या दगडांना काटेरी तार लागली.

मी तणतणत तिच्या घरी गेलो. "मावशी, एक शब्द बोलायचा होता!"

"तो शबूद माजा नव्हता रे, दत्ताराम," ती म्हणाली. "दोन वरसं आपून काय बोंबलत फिरलो? ज्याचं त्याला ठरवू द्या म्हनून ना? मंग माज्यावर आलं तवा मी नाखव्याचा हक खाऊ?"

तिचे डोळे भरले होते. मी तिच्यावर चिडलो होतो खरा, पण मान खाली गेली ती माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळवंतची होडी लागली. ओल्या जवळ्याची पाटी त्याने रोजच्यासारखी पाण्याच्या कडेला ठेवली आणि तो मागे सरला. तिथून पुढे राज्य कृष्णाबाईचं होतं. तिने पाटी डोक्यावर घेतली, सवयीने खळ्याकडे चार पावलं टाकली आणि तारेपाशी थांबली.