सामान राखणारी

गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही सगळे पाण्यात धावलो आणि आई नेहमीप्रमाणे चपला-पिशव्यांपाशी बसली. गणपतीपुळे, मुरुड, तारकर्ली, प्रत्येक सहलीत तिने समुद्र असा लांबूनच पाहिला होता. आपण एखादं ठिकाण मनसोक्त पाहतो, तेव्हा मागे कुणीतरी सामान राखत बसलेलं असतं, हे आपल्या लक्षातही येत नाही.

त्या दिवशी मात्र ती उठली. पिशव्या नुकतेच पाण्यातून येऊन बसलेल्या बाबांच्या मांडीवर ठेवून, साडी खोचून थेट पाण्याकडे निघाली.

"अगं, या वयात? लोक बघतायत!" बाबा ओरडले.

"बघू देत. मीही समुद्र बघायलाच आलेय."

गुडघाभर पाण्यात लाट अंगावर फुटली. ती डगमगली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि आणखी आत गेली.