थोडक्यात टळलेली

हजार्ड आणि रिस्क यांत फरक काय, हे मला कोर्सला तीन वेळा शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. उघडं भोक म्हणजे हजार्ड, आणि त्यात माणूस पडण्याची शक्यता म्हणजे रिस्क. पण हेच संग्रामपूरच्या साइटवर मराठीत सांगायची वेळ आली तेव्हा माझी बोबडी वळली.

मी मूळची अमडापूरची. सिव्हिलचा डिप्लोमा, वर एक वर्षाचा सेफ्टीचा कोर्स, आणि मग पुण्याच्या एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी सुपरवायझरची नोकरी. कंपनीनं संग्रामपुरात एका तीन मजली इमारतीचं काम घेतलं, तेव्हा "तुम्ही तिकडच्याच ना" म्हणून मला तिथं पाठवलं. पुण्यातून बघितलं की अमडापूर आणि संग्रामपूर एकाच गल्लीत दिसतात. मध्ये अख्खा जिल्हा पडलाय हे त्यांना कोण सांगणार. मी बॅग भरली आणि गेले.

पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर पुण्याहून एक कागद आला, "सुरक्षा परिभाषा, मराठी". त्यात हजार्डला "धोका" होता, रिस्कला "जोखीम" होती, आणि अपघात होता होता राहिला तर त्याला "थोडक्यात टळलेली घटना" म्हणायचं होतं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मजुरांशी पाच मिनिटं बोलायचं असतं, त्याला सगळीकडे टूलबॉक्स टॉक म्हणतात. इथं त्याचा "अवजारपेटी संवाद" झाला होता. ज्यानं हे केलं त्यानं जन्मात अवजारांची पेटी उघडली नसणार, पण खुर्ची नक्की मोठी असणार.

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदाची प्रिंट हातात धरून संवाद साधला. समोर बारा-पंधरा माणसं, निम्म्या बायका. मी कागदावरचं नमुन्याचं वाक्य जसंच्या तसं वाचलं: "कामाच्या ठिकाणची जोखीम ओळखा आणि ती पर्यवेक्षकाच्या निदर्शनास आणा." पुढंच एक मावशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीवर पुरुषी शर्ट घातलेल्या. घमेल्यातून माल वाहायचं काम त्यांचं. त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"जोखीम तं आमी घरीच ठेवून येतो मॅडम," त्या म्हणाल्या. "कामावर कोन आनते? हे दोन मणी हायेत डोरल्याचे, हे बी तुमाले दाखवा लागते का?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडे जोखीम म्हणजे सोनंनाणं. लग्नाला जाताना आई दर वेळी बजावायची, अंगावर जोखीम आहे, बसमध्ये झोपू नको. मी ते ऐकत मोठी झाले, आणि कागद हातात आल्यावर साफ विसरले. मग एका मिस्त्रीला चेव आला. "आन् धोका कोनं देल्ला मॅडम? ठेकेदारानं का?" आता पुरुषही हसायला लागले. मी म्हटलं, बरं, रिस्क तरी माहीत आहे ना? ते सगळ्यांना माहीत होतं. रिस्क घेतली म्हणून कुणाचं तरी हार्डवेअरचं दुकान उभं राहिलं होतं. रिस्क म्हणजे मर्दाचं काम. ती टाळायची असते हे त्यांना पटेना.

मी कागद घडी करून खिशात कोंबला आणि आमच्या बोलीत विचारलं, "इथं कुठं जीव जाईन असं वाटते तुमाले, ते सांगा."

सगळ्यांनी वर बघितलं. "त्या इहिरीत," मावशी म्हणाल्या.

इहीर म्हणजे लिफ्टसाठी सोडलेली चौकोनी पोकळी. तळापासून छतापर्यंत उघडी. बायकांनी तिला विहिरीचं नाव दिलं होतं, आणि ते कागदावरच्या सगळ्या शब्दांपेक्षा नेमकं होतं. घमेलं डोक्यावर घेऊन जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर यायचं आणि त्या पोकळीच्या काठाकाठानं पलीकडच्या खोलीत माल टाकायचा, हा त्यांचा रोजचा रस्ता. काठाला कठडा नव्हता. मावशी दिवसातून किती खेपा करत असतील ते मी मोजलं नाही, पण दर खेपेला त्यांच्या पायाची करंगळी काठापासून वीतभर अंतरावरून जायची. ते मी स्वतः उभं राहून बघितलं.

त्याच दुपारी मी फॉर्म भरला. कठडा लावायला पाहिजे, ताबडतोब. साइट इंजिनिअर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "फॉर्म मंजूर होऊन येऊ द्या, लगेच लावू. पाईप आहेत." पाईप खरंच होते, स्टोअरच्या मागे गवतात पडलेले.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. पुण्यात फॉर्म मंजूर करणाऱ्या साहेबांचा फोनही आला. "मॅडम, तुम्ही धोक्याच्या रकान्यात धोका लिहिलाय आणि जोखमीच्या रकान्यातही धोकाच लिहिलाय. रकाने वेगळे आहेत." मी दुसऱ्यांदा भरला. धोका: उघडी पोकळी. जोखीम: बाई पडून मरेल. तोही परत आला. भाषा सौम्य ठेवा, जोखमीच्या रकान्यात वाक्य नको, पातळी लिहा, कमी, मध्यम की जास्त. मी "जास्त" लिहून तिसऱ्यांदा पाठवला. साहेब म्हणाले, "जास्त लिहिलं तर नियमाप्रमाणे त्या मजल्यावरचं काम थांबवावं लागतं. स्लॅब तोंडावर आलाय. मध्यम करा, मी आजच मंजूर करतो." मी म्हटलं, मध्यम नाही. साहेब म्हणाले, विचार करा. आणि मी विचार करत बसले. माझंच बरोबर आहे हे मला माहीत होतं, ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. तोवर काठाला मी लाल-पांढरी पट्टी बांधली होती, ती वाऱ्यानं रोज तुटायची आणि मी रोज बांधायची.

आता जे सांगते ते सांगताना मला स्वतःची लाज वाटते. ते पाईप उचलून, एका मिस्त्रीला हाताशी धरून मीच कठडा लावू शकले असते. कुणी मला फासावर चढवलं नसतं. पण मला फॉर्म जिंकायचा होता. साहेबांनी "जास्त" हा शब्द मान्य करावा, मग पाईप हलावेत, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी साहेबांना शिव्या घालते, पण पहिला फॉर्म भरल्यापासूनच्या बारा दिवसांत आम्ही दोघंही एकाच शब्दाशी खेळत होतो, आणि काठावरून मावशी चालत होत्या.

बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या पडल्या. मी खाली शेडमध्ये होते. वरून आधी घमेलं पडल्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका. पट्टी तुटून काठावर लोळत होती, तिच्यात मावशींचा पाय अडकला. माझीच पट्टी. पहिल्या मजल्याच्या थोडं वर शटरिंगची एक फळी काढायची राहून गेली होती, मावशी तिच्यावर पडल्या. माणूसभर खाली. फळी नसती तर तळापर्यंत गेल्या असत्या. दोघा मिस्त्रींनी त्यांना वर ओढलं. उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं. त्या रडत नव्हत्या, "घमेलं कुठं गेलं" एवढंच विचारत होत्या.

दवाखान्यात प्लास्टर घालून संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा बसला. अर्धा तास लागला. फॉर्म अजून मंजूर नव्हता.

मग साहेबांचा फोन आला, आणि आवाजात इतकी माया होती की मी सावध व्हायला पाहिजे होतं. आमच्या गेटवर एक पाटी होती, अपघाताशिवाय गेलेले दिवस, आणि खडूनं त्यावरचा आकडा रोज मीच वाढवायची. पुढच्या आठवड्यात कंपनीची मोठी माणसं साइट बघायला येणार होती. साहेब म्हणाले, "बघा, ती खाली तळाला पडली असती तर तो अपघात. फळीवर अडकली, दवाखान्यात ठेवून घ्यावं लागलं नाही. व्याख्येप्रमाणे ही थोडक्यात टळलेली घटना आहे." व्याख्या तशी नाही हे मला पक्कं माहीत होतं. हाड मोडलं की काही टळलेलं नसतं, हे पहिल्याच धड्यात आहे. पण साहेबांनी मग हळूच विचारलं की पट्टी कुणी बांधली होती. आणि मी, जी "मध्यम" लिहायला तयार नव्हते, त्या मीच "थोडक्यात टळलेली घटना" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. फक्त जखमी व्यक्तीची सही राहिली होती.

मावशींचं गाव संग्रामपूरहून डोंगराच्या अंगाला, स्कूटीनं अर्ध्या तासावर. अंगणात बाजेवर बसून त्या डाव्या हातानं तुरी निवडत होत्या. मला बघून त्यांनी जय भीम केला, तोही डाव्या हातानंच, आणि हसल्या. मी बाजेच्या कडेला टेकले. साइटवर त्या मला मॅडम म्हणायच्या, घरी एकदम तू वर आल्या, आणि मला ते बरं वाटलं.

"डाक्टर म्हने दीड महिना," त्या म्हणाल्या. "मंग येतो मी कामाले. माही जागा कोनाले देऊ नको."

मी फॉर्म काढला. "वाच बरं बाई, काय लिवलं ते," त्या म्हणाल्या. मी वाचलं. दुसऱ्या मजल्यावर माल वाहताना महिला मजुराचा तोल गेला. थोडक्यात टळलेली घटना.

"काय टळलं?"

"मोठा अपघात टळला, मावशी. तुमी खालवर नाही गेल्या."

"पडली तं मी. हात मोडला. मंग टळलं काय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. इतके दिवस मी त्यांना शब्दांचे अर्थ सांगत आले होते, तसा हाही सांगेन असं त्यांना वाटलं असावं. त्याऐवजी मी पर्समधून शाईची डबी काढली, याची मला आजही किळस येते.

मावशींनी डबीकडे बघितलं आणि डावा हात पदराखाली घेतला. "अंगठा नाई देत मी. मले सही येते. बायकांच्या वर्गात शिकली मी, लग्नाच्या पोरी झाल्यावर शिकली. हात सुटला का करतो सही. तवरक तू नीट लिवून आन, काय झालं ते."

परत येताना वाटेत स्कूटी थांबवून मी तो फॉर्म फाडला. रात्र पडायच्या आत नवीन भरला: अपघात. उजवं मनगट मोडलं. काठाला कठडा नव्हता. सेफ्टी सुपरवायझरनं बांधलेल्या पट्टीत पाय अडकला. गेटवरच्या पाटीवर मी खडूनं शून्य लिहिलं. साहेबांचा फोन आला तेव्हा ते बराच वेळ व्याख्या समजावत होते, मग म्हणाले, शब्द बदलून घ्या, तुम्ही तिकडच्या आहात, त्या बाईंना पटवू शकाल. मी म्हटलं, "सर, तुम्हाला पाहिजे तो शब्द तुम्ही लिहा. पण मग सहीपण तुम्हीच करा." त्यांनी फोन ठेवला. पुढचे सहा आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले, तेही मेलवर. मोठी माणसं येऊन गेली. पाटी कुणी वाचली की नाही, मला माहीत नाही.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मावशींच्या अंगणात होते. मनगट बारीक झालं होतं आणि पूर्ण वळत नव्हतं. मी नवा फॉर्म वाचून दाखवला, सगळा, पट्टीसकट. त्या मान डोलावत ऐकत राहिल्या. "आता हाव, बराबर लिवलं," म्हणाल्या. मग पेन घेतलं. पहिलं अक्षर काढायलाच इतका वेळ लागला की मी दुसरीकडे बघायला लागले. पेन बोटांतून दोनदा निसटलं. नाव पूर्ण झालं तेव्हा त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे माही सही नाई."

"चालते मावशी. तुमीच केली ना."

"तुमच्या हापिसात चालन. दुसरा कागद दे."

दुसरा फॉर्म माझ्याकडे नव्हता. मी वहीतलं कोरं पान फाडून दिलं. त्यांनी पुन्हा नाव लिहिलं, खाली पुन्हा लिहिलं. पान भरेपर्यंत त्या लिहीत राहिल्या, आणि एकदाही ते त्यांना हवं तसं आलं नाही.