मी परत बसवलेला पिंपळ

माझ्या सासऱ्यांचा हात मी घालवला. मारामारी नाही, अपघात नाही, त्यांच्या अंगाला मी बोटही लावलं नाही. नुसती गप्प बसले. लिहायला बसले आहे तर हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नेहमीसारखी मी मधेच स्वतःची बाजू घ्यायला लागेन.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झाले आणि महिनाभर घरात येरझाऱ्या घालून त्यांनी सगळ्यांना वैताग आणला. मग एक दिवस नागपूरहून जाळी कापायची मशीन घेऊन आले. दिसायला ती माझ्या शिवणमशीनची बहीणच. पायाचं बटण दाबलं की सुईसारखं बारीक दातेरी पातं जागच्या जागी वरखाली नाचायचं, आणि आपण लाकडाची पातळ फळी हळूहळू त्याच्यापुढे फिरवायची. मी ब्लाउज शिवायचे, ते सागवान कापायचे. वरांडा एकच. त्यांचा भुसा माझ्या गिऱ्हाइकांच्या अस्तरावर बसायचा आणि मी तोंडाचा पट्टा सोडायचे. ते मुकाट्याने ओला फडका घेऊन पुसायचे आणि पुसून झालं की म्हणायचे, "सागाचा भुसा हाय व, कपड्याले कसर नाई लागत."

भांडता भांडता मी त्या कामात कधी ओढली गेले ते कळलं नाही. घासायचं काम माझ्याकडे आलं. कापलेल्या कडांना उभे राहिलेले तंतू पॉलिश पेपरने काढायचे. त्यांची पद्धत मला तोंडपाठ झाली. नाजूक फळीच्या खाली टाकाऊ प्लायची दुसरी फळी चिकटवायची, म्हणजे पात्याचा झटका तिला बसतो, वरची वाचते. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. लाकूड ढकलायचं नाही, पात्याला खाऊ द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापून उरलेली बाहेरची चौकट फेकायची नाही. तिला ते घर म्हणायचे. कापलेला नाजूक तुकडा परत त्याच्या घरात बसवायचा आणि घरातच घासायचा. चहूबाजूंनी आधार असला की काही तुटत नाही.

"घरातून बाहेर काढाचं काम माहं," ते बजावायचे. "तू फक्त घास."

याचा मला राग यायचा. माझ्या हाताचा मला भारी तोरा होता. अख्ख्या वॉर्डात माझ्यासारखी पायपिंग कोणी करत नव्हतं. आणि इथे मला लाकडाचा एक तुकडा उचलायची परवानगी नाही!

मामाजींचं मूळ गाव ब्रह्मपुरीकडचं. तिथल्या विहारात बुद्धमूर्तीच्या मागची भिंत नवीन झाली होती आणि गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं की मूर्तीच्या मागे सागवानात कापलेला पिंपळ लावायचा, त्याच्यामागे दिवा. बुद्धपौर्णिमेच्या आधी हवा होता. मामाजींना हे ऐकून काय झालं ते मी पाहिलं आहे. चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरली. त्याच विहाराच्या जागी पूर्वी एक झोपडं होतं आणि त्यांच्या वडिलांनी तिथे त्यांना अक्षरं गिरवायला बसवलं होतं, असं त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं.

सुपाएवढं झाड. चौऱ्याहत्तर पानं. पिंपळाच्या पानाला शेपूट असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते शेपूट दोन सुती, म्हणजे पाव इंच जाडीच्या, सागवानात दोऱ्याएवढं कापायचं म्हणजे काय असतं ते मी दोन महिने पाहिलं. शेपूट लाकडाच्या रेघेला आडवं गेलं की मोडलंच. म्हणून त्यांनी नक्षीचा कागद पंचवीस वेळा फिरवून चिकटवला असेल. कापायचं ते फक्त सकाळी सहा ते नऊ, ऊन चढायच्या आत. हात थोडा थरथरायला लागला होता, चहाची बशी वाजायची. त्याची ते थट्टा करायचे. "हात नाचते, पण मशीन त्याच्याहून जास्त नाचते, दोघाईचं जमते."

झाड पूर्ण झालं. वरच्या बाजूने मी ते घासून काढलं. दुसऱ्या दिवशी गावाहून माणसं जीप घेऊन येणार होती. संध्याकाळी मामाजी ते घरातून काढणार, उलटं करणार, मी मागची बाजू घासणार, असं ठरलं होतं.

त्या दुपारी उन्हाचा नुसता जाळ होता. मामाजी कूलरसमोर झोपले होते. मी वरांड्यात आले आणि माझ्या मनात आलं की ते उठायच्या आत मागची बाजू घासून ठेवावी. बघू दे एकदा, की मलाही जमतं. ते खालून सगळी बोटं लावून, तव्यावरची भाकरी उचलावी तसं झाड उचलायचे. मी वरची फांदी चिमटीत धरली आणि मशीनखालून ब्लाउज काढावा तशी ओढली.

काटकन आवाज झाला. उन्हाने लाकूड पापडासारखं झालं होतं. फांदी तीन पानांसकट वेगळी झाली.

 मी काय केलं, तर झाड परत घरात ठेवलं. फांदीही तिच्या जागी दाबून बसवली. पात्याची फट इतकी बारीक, आणि मोड इतकी चपखल जुळली, की वरून पाहिलं तर काहीच झालेलं नव्हतं. मी दोनदा वाकून पाहिलं. काहीच दिसत नव्हतं.

उठले की सांगायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. शप्पथ. पण ते उठले तेव्हा एक बाई ब्लाउज न्यायला आलेली होती. तिच्यासमोर कसं सांगणार? ती गेली तर ते चहा घेत होते. चहा पिताना कसं सांगणार? मग त्यांनी हात धुतले, पुसले, वरांड्यात आले आणि झाडाखाली सगळी बोटं लावली.

झाड वर आलं. फांदी घरातच राहिली.

मला वाटलं होतं ते मोड निरखतील. त्यांनी लाकडाकडे पाहिलंच नाही. उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं ते मी, आणि विचारलं काय, तर "काय झालं मामाजी?"

या तीन शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. गप्प बसणं भीतीने झालं असेल. हे विचारणं भीतीने झालेलं नव्हतं, ते मी नीट ठरवून केलं.

"हात गेला व," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जीप आली. गावचे लोक म्हणाले, भाऊ, चिकटवून द्या ना, एवढ्या दुरून कोणाले दिसते? मामाजी म्हणाले, "विहारात तुटकं नाई देत मी. माहा हात गेला, दुसरं काई पाहा." माणसं रिकामी जीप घेऊन परत गेली. पौर्णिमेला तिथे पिंपळाचं फ्लेक्स लागलं. फोटोत मी पाहिलं, हिरवंगार होतं, आणि एका कोपऱ्यात सुरकुतलं होतं.

मामाजींनी मशीनवर चादर टाकली. चार दिवसांनी ती चादर काढून मशीन माझ्या बाजूला सरकवली. "तुहा हात साजरा हाय. तू चालव."

मी घेतली! नाही म्हणाले नाही. दाराच्या पाट्या केल्या, रुखवतासाठी नवरानवरीची नावं केली, बचतगटाच्या प्रदर्शनात माझ्या लाकडी मोरापुढे लोकांनी गर्दी केली. मामाजी खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की हे सगळं सुनेचं, माह्यानं नसतं झालं. आणि मी लाजल्यासारखं हसायचे. तुटलेलं झाड त्याच्या घरासकट माझ्या लोखंडी पेटीत लग्नाच्या शालूखाली होतं.

दोन वर्षांत त्या हाताने एकेक गोष्ट सोडली. आधी दाढी, न्हाव्याकडे जायला लागले. मग स्कूटर. मग बँकेत सही करायची तर माझ्या नवऱ्याला बरोबर न्यायचे, वळण चुकलं तर म्हणून. चहा अर्धा ग्लास. मी मनाची समजूत घालायची की वय झालं, हे होणारच होतं. पण बशी वाजत असतानाच हा माणूस चौऱ्याहत्तर पानं कापत होता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

मग धाकटी नणंद बाळंतपणाला आली. मुलगी झाली. गोरीपान नव्हे, चांगली काळीसावळी, मोठ्या कपाळाची, थेट मामाजींसारखी. मामाजी दारात उभे राहून बघायचे. जवळ यायचे, वाकायचे, पण हात मागे बांधलेले. नणंद बाळ पुढे करायची आणि ते दोन पावलं मागे सरायचे. असे पंधरा दिवस गेले. नाव ठेवायचा दिवस ठरला तसं मी नणंदेला विचारलं की पाळण्यात कोण ठेवणार. तिचे डोळे भरून आले.

"वयनी, बाबाले पोरगी झाली म्हून वाईट वाटून राह्यलं काय व? एकडाव हातात घेतलं नाई त्यायनं."

मामाजींना! ज्या माणसाने आपल्या दोन्ही मुलींना शिकवायला जास्तीच्या पाळ्या केल्या, त्याच्याबद्दल त्याच्या मुलीच्या मनात हे यावं, आणि ते माझ्यामुळे. मी तिला काहीबाही सांगून गप्प केलं आणि तशीच आत जाऊन पेटी उघडली.

मामाजी वरांड्यात होते. मी झाड त्यांच्यासमोर ठेवलं आणि बसले. "हे तुमच्या हातानं नव्हतं तुटलं," मी म्हणाले. "दुपारीच मी काढायला गेले होते. तुटलं, मी परत बसवून ठेवलं."

 त्यांनी चष्मा लावून फांदी उचलली आणि मोडीवरून अंगठा फिरवला. "एका बाजूनं वढलं," ते म्हणाले. "मी असा काढतच नाई." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी मी लाकूड पाह्यलंच नाई."

त्यांनी माझ्यावर डाफरावं म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "काऊन नाई सांगतलं व?" मी ब्लाउज न्यायला आलेल्या बाईचं सांगायला लागले आणि मधेच सोडून दिलं. 

"मशीन इकडं कर," मामाजी म्हणाले.

मी मशीन त्यांच्या खुर्चीपाशी ओढली. नवीन पातं लावलं, फळी दिली, खाली प्लाय चिकटवून दिली. त्यांनी फळीवर पिंपळाचं एकच पान पेन्सिलीने रेखून घेतलं, आणि बटण दाबलं. पहिलं पातं वळणावरच तुटलं. मी दुसरं लावलं. पानाचा पोटाकडचा भाग आला, वाकडा आला, पण आला. शेपटाशी त्यांचा हात असा उडाला की रेघ सरळ पानात घुसली आणि पान मधोमध कापलं गेलं. त्यांनी तिसऱ्यांदा मागितलं नाही. मशीन बंद केली. या वेळी त्यांनी हाताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तवा होता हात," ते म्हणाले. "दोन साल बसून राह्यला, आता खरंच गेला."

मी रडायला लागले. ते मला गप्प बस म्हणाले नाहीत, आणि समजूतही काढली नाही. माझं रडणं संपेपर्यंत ते मांडीवरचा भुसा झटकत होते. मग म्हणाले, "पोरीले आन."

मी नणंदेला हाक मारली. ती बाळ घेऊन आली आणि दारातच थबकली. मामाजी खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसले, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात पुढे केले. ते हात हलत होते. त्यांनी ते पाहिलं, आणि नणंदेला थांबायची खूण करून मला जवळ बोलावलं.

"तुहे हात खाली ठेव. माह्या हाताच्या खाली."

मी समोर बसले आणि माझे तळवे त्यांच्या हातांखाली लावले. नणंदेने मुलीला वर ठेवलं. मामाजी तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते, नणंद डोळे पुसत हसत होती, आणि मला फक्त माझ्या तळव्यांवर त्यांच्या हातांची थरथर जाणवत होती. त्यातली वयाची किती आणि माझी किती, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही.