हसल्याबिगर उठू नये

"मेलेल्यानं हसल्याबिगर उठू नये," असं मामा म्हणायचे. स्वतः ते इतक्या वेळा मेले होते की या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती. दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं की डोळे मिटलेलेच ठेवून ते आधी खदखदून हसायचे आणि मग उठून बसायचे. न हसता उठलं तर मरण अंगाला चिकटून घरी येतं, असं त्यांचं ठाम मत.

तुम्हीही त्यांना मरताना पाहिलं असणार. नाव सांगितलं तर ओळखणार नाही, पण चेहरा दिसला की "अरे, हा तो!" म्हणून बोट दाखवाल. देगलूरकडच्या एका नाटकमंडळीतून ते मुंबईला गेले आणि सिनेमा, मालिका करत म्हातारे झाले. हवालदार, तलाठी, नायिकेचा गरीब बाप, एसटीत शेजारी बसलेला माणूस.

"काळे केस होते तवर हवालदार होतो," ते सांगायचे. "पिकले तसा बाप झालो. आता आजा झालोय. आज्याला दुसऱ्या भागाच्या पुढं कोणी जगू देत न्हाई."

मी भेटले तेव्हा ते मुंबई सोडून गावी परतले होते आणि आमच्या सिरीजचं शूटिंग लातूरला चाललं होतं. त्यात ते आजोबा होते आणि सगळं युनिट त्यांना मामाच म्हणायचं. कुठल्या शॉटमध्ये कोणाच्या कोणत्या हातात काय होतं, हे लक्षात ठेवायचं माझं काम. बोलावं कमी लागतं, बघावं जास्त लागतं, म्हणून मला ते जमतं.

बघता बघता एक गोष्ट दिसली. मामा समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हते, त्याच्या ओठांकडे बघत होते. एका प्रसंगात मुलगा मागून हाक मारतो आणि ते वळतात, एवढंच होतं. दोनदा ते वळलेच नाहीत. तिसऱ्यांदा त्यांनी चहा मागितला आणि सगळ्यांना वाटलं, म्हातारा दमला.

मी चहा घेऊन गेले. त्यांनी कपाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"तुला कळलंय न, माय?"

"हाव," मी म्हणाले. नांदेडला आमच्या इंग्रजी शाळेत हा शब्द चालत नसे. त्या दिवशी तो कुठून आला कोण जाणे.

"कोणाला सांगू नको. आमच्या धंद्यात आंधळा चालतो, लंगडा चालतो. त्यांचे रोल असतात. बहिऱ्याला कोण बोलावून राहिलंय?"

मशीन का लावत नाही, असं मी खुणेनं विचारलं.

"कानात मशीन दिसली की कॅमेरा माझ्या तोंडाकडं बघतच न्हाई. कानातच बसतो."

लपवण्याला कारणही होतं. पुढच्या सिरीजमध्ये दिग्दर्शकानं त्यांना आजोबांचं काम देऊ केलं होतं. मोठं काम, आणि हे आजोबा शेवटच्या भागापर्यंत जिवंत राहणार होते. मामांच्या सगळ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होणार होतं. ते कोणाजवळ बोलत नसत, पण रोज संध्याकाळी मला विचारत, "बदललं तर न्हाई न काही?"

मग आमची खूण ठरली. त्यांचं वाक्य आलं की मी पेन उजव्या हातातून डाव्यात घ्यायची. मी कॅमेऱ्यामागे अशी उभी राहायचे की त्यांना दिसेन आणि बाकी कोणाच्या लक्षात येणार नाही. लक्षात न येण्याची मला सवय आहे.

अडचण आली ती त्यांच्या मरणाच्या दिवशी. डोळे मिटलेले असताना पेन काय कामाचं? 'कट' झालेलं त्यांना कळणार कसं?

तोड त्यांनीच काढली. "मढ्याचे अंगठे बांधतात न? दोरा जरा लांब ठेव. कट झालं की वढ."

अंगणात त्यांना निजवलं. नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड, पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं बांधलेले. दोऱ्याचं टोक चटईखालून माझ्याकडे आणलेलं. मी खांबाआड होते. नात झालेली मुलगी लातूरच्याच कॉलेजातली, नवी, पण काम मनापासून करणारी. तिनं उशाशी बसून रडायचं होतं.

ती उशाशी बसली, रडायला लागली, आणि मध्येच तिला काय वाटलं कोण जाणे, उठली आणि पायांकडे धावली. तिनं त्यांच्या पायांना मिठी मारली. माझ्या हातातला दोरा ताणला गेलेला मला जाणवला. मी ओरडू शकत नव्हते, आवाज रेकॉर्ड होत होता. आणि ओरडले असते तरी ज्याला ऐकू जायला हवं त्याला गेलं नसतं.

मामा हसले. नेहमीसारखे, खदखदून, पोट हलेपर्यंत.

रडायला आणलेल्या बायकांतली एक "आगं माय माय!" करत दारापर्यंत पळाली. नात मागच्या मागे बसली. सगळं युनिट हसायला लागलं. दिग्दर्शकही हसला. मग त्याला दोरा दिसला. त्याची नजर दोऱ्यावरून चटईपर्यंत आली, चटईवरून खांबापर्यंत, आणि माझ्या हातावर थांबली.

तो चालत मामांच्या पाठीमागे गेला. मामा उठून बसले होते, नाकातला कापूस काढत पळालेल्या बाईला म्हणत होते, "ये की बाई, जिता हाय मी!"

"मामा," दिग्दर्शक मागून म्हणाला, "पाणी हवंय का?"

मामा कापूस झटकत होते.

"मामा, पाणी?" आता मोठ्यानं.

हसणं एकेकाचं थांबत गेलं. मामांना ते ऐकू आलं नाही, दिसलं. त्यांनी एकेक चेहरा बघितला आणि शेवटी माझा. पेन माझ्या हातात होतं. पण अशा वेळेची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. मी फक्त ओठ हलवले, "पाणी."

ते वळले. "हाव साहेब," एकदम साध्या आवाजात म्हणाले, "पाजा. घसा सुकला मरून मरून."

कोणी हसलं नाही.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्यानं स्वतःची बाटली दिली. समोर बसून, ओठ मोठे मोठे करत, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "पुन्हा... एकदा... घेऊ." मामा त्याच्या ओठांकडे बघत राहिले. त्याआधी दिग्दर्शक त्यांच्याशी असं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या वेळी दोऱ्याचं लांबवलेलं टोक मामांनीच तोडलं. शॉट चांगला झाला. 'कट' म्हटल्यावर कोणी हललं नाही. दिग्दर्शक जवळ गेला आणि त्यानं खांद्यावर हलकेच थोपटलं. मामांनी डोळे उघडले. कापूस काढला, अंगठे सोडवले आणि चपला शोधायला लागले.

न हसता उठले होते.

पुढची सिरीज नांदेडला सुरू झाली तेव्हा आजोबांच्या कामाला दुसरे गृहस्थ होते. "ऊन फार आहे, मामांना उगाच त्रास," दिग्दर्शक माझ्याकडे न बघता म्हणाला. मामांना मी फोन लावायचे. सूनबाई उचलायच्या, "बरे हायेत, पण फोनवर काय बोलणार," म्हणायच्या.

एका सुट्टीत मी देगलूरची एसटी धरली.

दुपार होती. मामा ओसरीत बाजेवर निजले होते. उताणे, हात पोटावर, तोंड किंचित उघडं. हा शॉट मला पाठ होता. फक्त छाती हलताना दिसत नव्हती. सूनबाई आत होत्या. हाक मारून उपयोग नव्हता. मी पायांशी उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग वाकून त्यांचा अंगठा धरला आणि ओढला.

डोळे मिटलेलेच होते. आधी पोट हललं, मग खांदे, आणि मग ते हसले, ओसरी दणाणेल असे. सूनबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

मामांनी डोळे उघडले. माझ्या ओठांकडे बघत विचारलं,

"झालं का माय, कट?"

मी पेन नेलं नव्हतं. मान डोलावली.