माझे खिसे तपासणारा

टीव्हीवर सुटातले चार लोक रोज ओरडतात की ज्यू आणि पॅलेस्टिनी एका राज्यात राहूच शकत नाहीत. माझा मुलगाही सोफ्यावर पाय पसरून तेच म्हणतो. "बाबा, त्यांचा एकमेकांवर भरवसाच नाही. वाटणी करा, भिंत बांधा, चलो, विषय संपला." परवा मी रिमोट फेकला. भरवशातलं तुला काय कळतं रे? मी सातवी नापास, पण उभी जवानी बारूद भरण्यात घातली आहे.

जबलपूरच्या आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बारूद भरायच्या खोलीच्या दाराशी लाल पट्टी होती. ती ओलांडण्याआधी जोडीदारानं जोडीदाराचे खिसे तपासायचे. काडेपेटी, बिडी, खिळा, काही आत जाता कामा नये. तू माझे, मी तुझे. भरवसा आहे का, हे कोणी विचारत नव्हतं. उडालो तर दोघंही उडणार, म्हणून नियम दोघांना सारखा.

माझा जोडीदार मुसलमान होता. "भैया, हाथ ऊपर," म्हणायचा आणि कॉलरच्या आतसुद्धा बोट फिरवायचा.

"इतना तो तेरी भाभी ने भी नहीं टटोला," मी म्हणायचो.

"भाभी को जान प्यारी नहीं होगी. मुझे है."

एकाहत्तरची लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, कँटीनमध्ये कुजबूज सुरू झाली, मुसलमान आत काय लपवून नेईल, नेम नाही. कोणी माझ्या कानाला लागलं आणि मी, मूर्ख, मिस्त्रीकडे जाऊन म्हणालो, "मला हा जोडीदार नको." तो मागंच उभा होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेर शेडमध्ये खोकी ठोकायला.

मला आपला माणूस मिळाला. मराठी, नात्यातला. पट्टीपाशी मी हात वर केले तर हसला, "तुमचे काय खिसे पाहायचे, दादा!" मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी आत, चारी बाजूंनी बारूद उघडी असताना, रुमालासाठी बंडीच्या खिशात हात घातला तर काडेपेटी. सकाळी जिनं बायकोला सिगडी पेटवून दिली होती, तीच. श्वास धरून बाहेर आलो आणि पाण्याच्या बादलीत हात कोपरापर्यंत बुडवून उभा राहिलो.

घरी फक्त बायकोला सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला. "तुमच्या पहिल्या जोडीदारानं पाह्यली असती," म्हणाली. "उद्या जा न सांगा त्याले, मी चुकलो म्हणून." मी गेलो नाही. लाज वाटली आणि लाजेचा राग आला, तो तिच्यावरच काढला.

दोन वर्षांनी रेडिओवर तिकडच्या, ज्यू-अरबांच्या लढाईची बातमी लागली. ही पोळ्या लाटून राहिली होती. म्हणाली, "काहून जमीन वाटून राहिले? एकच राज्य करा न दोघायचं. तुमच्या पट्टीसारखं, नियम सारखा." मी हसलो. "तू जा समजवायला." तिनं लाटणं रोखलं. "तुमी आधी तुमच्या जोडीदाराकडे जा."

मुलगा म्हणतो, कारखाना आणि देश एक नाही. नाही तर नाही! पण दोन्हीकडची पोरं मेली आहेत. एकांना जगभरातून मारून हाकललं, दुसऱ्यांना त्यांच्याच घरातून. भरवसा कुठून येणार? नकोच तो. एका छपराखाली उभे करा, दोघांचेही खिसे तपासा, हक्क दोघांना सारखा द्या. जिथं एकाचीच झडती घेतात आणि दुसऱ्याला आपला म्हणून सोडतात, काडेपेटी तिथूनच आत जाते. भिंतीनं काय होतं? बारूद भिंत पाहून उडते का?

चार महिन्यांपूर्वी ही गेली. नर्मदेवर, ग्वारीघाटाच्या स्मशानात तो जुना जोडीदार आला होता. काठी टेकत लांब उभा राहिला आणि निघून गेला. मरेपर्यंत तिचं एक साधं काम मी केलं नाही, हे तेव्हा छातीत बसलं. रिमोट फेकला त्याच सकाळी ऑटो केला आणि त्याच्या दारात गेलो.

"मी चुकलो होतो," म्हणालो. हिंदी सुचलीच नाही, मराठीतच बोललो.

तो खुर्चीतून उठला. काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात वर केले. "लो भैया, देख लो. आज भी कुछ छुपाया होगा."

मी मान खाली घातली. मग मीही हात वर केले.

त्यानं आपले हात खाली घेतले. मग पुढं आला आणि माझे खिसे तपासले. एकेक करून. कॉलरसुद्धा.